काटेसाहेब आणि घाटमाथ्यावरची खोली

वजनमाप खात्याचे निवृत्त निरीक्षक, माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान आणि बाजारपेठेचे 'काटेसाहेब' गेल्या हिवाळ्यात वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी निवर्तले. नोकरी तीस वर्षांची, संसार पन्नाशीला थोडा कमी. संशय मात्र आरंभापासून अखेरपर्यंत अखंड. त्यांच्या आयुष्यातील पुष्कळ गोष्टी नोंदण्याजोग्या आहेत. परंतु त्यांचा स्वभाव, त्यांची कामाची पद्धत आणि त्यांचा संसार ही तिन्ही एकाच प्रसंगात जशी एकत्र दिसली तशी अन्यत्र दिसली नाहीत. तो प्रसंग म्हणजे समुद्रकिनाऱ्यापासून डोंगरापलीकडच्या खोऱ्यापर्यंत त्यांनी आखलेला सायकलप्रवास.

त्यांच्या खात्यात एक रीत होती. एखाद्या दुकानदाराचे माप तपासायचे असल्यास निरीक्षकाने प्रथम साधे गिऱ्हाईक होऊन जावे. काही दिवसांनी दुसऱ्या वेषात, दुसरे गिऱ्हाईक होऊन जावे. आणि तिसऱ्या खेपेस मात्र बिल्ला दाखवून, खऱ्या नावाने. तिन्ही खेपांचे माप सारखे उतरले तर दुकानदार प्रामाणिक. एकात जरी फरक पडला, तरी कुठेतरी पाणी मुरते आहे. खात्यातील बहुतेकांना हा उपद्व्याप वाटे. काटेसाहेबांना तो इतका पसंत पडला की त्यांनी तो घरी आणला. दूधवाला, धोबी, दातांचा डॉक्टर, कोणीही त्यातून सुटले नाही. लग्न ठरण्यापूर्वी त्यांनी माझ्या बहिणीचे वय मला तीन वेगवेगळ्या माणसांकरवी विचारवले होते. तिन्ही वेळा उत्तर एकच आले म्हणून हे लग्न झाले, असे ते चारचौघांत अभिमानाने सांगत.

"आणि चौथ्यांदा विचारलं असतं तर?" बहीण विचारी.

"चौथी खेप नियमात नाही," ते म्हणत.

त्यांचा संशय सदैव चुकीचा ठरला असता तर त्यांचे वेळीच कल्याण झाले असते. तसे झाले नाही. एका कोळसेवाल्याचे लोखंडी वजन त्यांनी केवळ आवाजावरून पकडले. आतून पोखरून त्यात मेण भरले होते. तेव्हापासून पोकळ काय आणि भरीव काय हे आपल्याला ऐकूनच कळते, अशी त्यांची खात्री झाली, आणि ती खात्री ते माणसांनाही लावू लागले.

निवृत्त होताच त्यांनी सायकली घेतल्या, एक स्वतःस आणि एक पत्नीस. बेत सरळ होता. किनाऱ्याकिनाऱ्याने दोन दिवस, मग डोंगराच्या पायथ्याशी मुक्काम, घाट चढून माथ्यावर मुक्काम, आणि पलीकडे उतरून खोऱ्यात शेवट. माझ्या बहिणीची यात एकच इच्छा होती. ज्या समुद्राच्या कडेने आपण सायकल हाकत आलो, तो घाटमाथ्यावर उभे राहून एकदा मागे वळून पाहायचा. ही इच्छा तिने पहिल्याच वर्षी बोलून दाखवली, आणि पुढे वर्षानुवर्षे तिला ती बोलूनच दाखवावी लागली.

पहिल्या वर्षी नकाशा संशयास्पद ठरला. जेवणाच्या टेबलावर तो अंथरलेला असे, चारी कोपऱ्यांवर मिठाची बाटली, चष्म्याचे घर, कात्री आणि बहिणीचे लोणच्याचे भांडे. आमच्याच गावाजवळ त्यात तळे दाखवले होते, तिथे प्रत्यक्षात विटांचा कारखाना होता. "जवळचं चुकलंय, तर लांबचं काय असेल?" असे म्हणून त्यांनी चाकाला अंतर मोजण्याचे यंत्र बसवले आणि गावाबाहेरच्या रस्त्यावरील मैलाचे दगड तपासण्यात तो मोसम घालवला. एक दगड खरोखरच चुकीच्या जागी निघाला. दुसऱ्या वर्षी सायकलवाला. चाकाचा दांडा नवा म्हणून जुनाच बसवला असावा, या शंकेने त्यांनी तो त्याच्याकडून पुन्हा पुन्हा उघडवून घेतला. शेवटी सायकलवाला हात जोडून म्हणाला, "साहेब, आता ही घरी न्या. मला हिची भीती वाटायला लागलीय." तिसऱ्या वर्षी हवामान खाते.

त्यानंतरच्या वर्षी बहिणीचा गुडघा बोलू लागला. डॉक्टरांनी सांगितले की या मोसमात बेताने चालवा, एका दिवसात फार चढ नको. पुढे शस्त्रक्रिया अटळ आहे, आणि नंतर घाट चढता येईल याची हमी देता येणार नाही. त्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ती भाजी चिरता चिरता यजमानांना सांगत होती.

"या वर्षी मुक्काम ठरले तर जाऊ. नाही ठरले तर सायकली विकून टाकायच्या आणि मी ऑपरेशनची तारीख घ्यायची. पुढच्या वर्षीचं नाव काढायचं नाही."

"ठरतील की. पण नीट चौकशी केल्याशिवाय परक्याच्या घरात रात्र काढायची?"

"करा चौकशी. फक्त माझे गुडघे शाबूत असेपर्यंत करा."

त्यांनी चौकशी केली, आणि जी एकच पद्धत त्यांना येत होती त्या पद्धतीने केली.

वाटेवर पाच मुक्कामाची घरे होती. दोन किनाऱ्यावर, एक पायथ्याशी, एक माथ्यावर, एक खोऱ्यात. काटेसाहेबांनी पाचही ठिकाणी प्रथम कापडाचे व्यापारी म्हणून फोन केला. किनाऱ्यावरच्या पहिल्या घराचा मालक पूर्वी जहाजावर स्वयंपाकी होता. त्याच्याशी झालेले बोलणे मी समोर बसून ऐकले.

प्रथम त्यांनी एक कोरडा खोकला काढला. मग म्हणाले, "मी कापडाचा व्यापारी. हिशेब करायचे असतात. खोली शांत आहे ना?"

"मागच्या अंगाची देतो, शेठ. तिकडे चिटपाखरू फिरकत नाही."

"सायकली कुठे ठेवता? रात्री तिथे कोण जागं असतं? आणि खोलीच्या दाराला आतून किती कड्या?"

काही दिवसांनी पुन्हा तोच खोकला, आणि या खेपेस निवृत्त प्राध्यापक, ज्यांच्या पत्नीला जिना चढवत नव्हता. स्वयंपाकी म्हणाला, "मग रस्त्याकडची तळमजल्याची घ्या, सर. वर्दळ असते, पण बाईंना तेवढंच करमेल." त्यानंतर सायकली, जागरण आणि कड्या यांविषयी तेच तीन प्रश्न.

फोन ठेवून काटेसाहेब विजयी मुद्रेने माझ्याकडे वळले. "पाहिलंत, दादा? तेव्हा चिटपाखरू नव्हतं, आता वर्दळ आहे."

"अहो, खोल्या दोन असतील."

"तराजू एकच असतो," ते म्हणाले. व्यापाऱ्याला शांतता हवी आणि गुडघेदुखीला तळमजला, म्हणून उत्तरे निराळी येतात, हे त्यांच्या ध्यानी येणे शक्य नव्हते. त्यांच्या शास्त्रात गिऱ्हाईक बदलले तरी वजन बदलत नाही. नकाशावर पाचही घरांभोवती त्यांनी तांबडे वर्तुळ काढले. तरीही पत्नीचा धाक असल्यामुळे तिसऱ्या खेपेस, स्वतः सायकलस्वार म्हणून, त्यांनी खोल्या मागितल्या.

किनाऱ्यावर जागा नव्हती. दुसऱ्या घरीही नव्हती. पायथ्याशी नव्हती, माथ्यावर नव्हती, खोऱ्यात नव्हती. तारीख बदलली तरी नव्हती.

"संगनमत आहे!" काटेसाहेब गरजले. "पाचही जण एकमेकांना सामील आहेत. दादा, लिहून ठेवा."

त्यांच्या निवृत्तीनंतरचा, माणसांविषयीचा हा एकमेव संशय, जो अक्षरशः खरा होता.

ते तावातावाने मागच्या पडवीत सायकलींत हवा भरायला निघून गेले. बहीण थोडा वेळ नकाशाकडे पाहत बसली. मग पदराला हात पुसून तिने घाटमाथ्यावरच्या घरी स्वतः फोन लावला. नवऱ्याप्रमाणेच तिलाही रिसीव्हर कानापासून दूर धरायची सवय असल्यामुळे पलीकडचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. एका बाईंचा होता. खणखणीत आणि घाई नसलेला.

"नमस्कार. मी आणि माझे यजमान सायकलवरून येणार आहोत. एका रात्रीपुरती खोली हवी होती."

"सायकलवरून?" पलीकडचा आवाज सावध झाला. "बाई, तुमच्या शेजारी कुणी आहे का?"

"माझा भाऊ आहे. का हो?"

"खोकतो का तो?"

"दादा? नाही." बहिणीने माझ्याकडे पाहिले, मग पडवीकडे. तिचा चेहरा हळूहळू बदलला. "खोकतात ते माझे यजमान. खोटं बोलायचं असलं की आधी खोकतात. लग्नापासून आहे ते."

"म्हणजे कापडवाला, प्रोफेसर आणि तो सायकलवाला..."

"एकच. तिघांचाही स्वयंपाक मीच करते."

पलीकडून हसू आले नाही. बाईंनी सगळे सांगितले. गेल्या मोसमात पायथ्याच्या घरातून पाहुण्यांच्या सायकली चोरीस गेल्या होत्या, आणि त्याआधी कोणीतरी फोन करून सायकली कुठे ठेवता याची चौकशी केली होती. तेव्हापासून ही पाचही घरे एकमेकांना धरून असत. पाहुणा एका घरून निघाला की पुढच्या घरी फोन जाई. त्यामुळे खोकणारे कापडवाले आणि खोकणारे प्राध्यापक एकाच आठवड्यात पाचही ठिकाणी रात्री कोण जागे असते ते विचारून गेले, ही बातमी डोंगरापलीकडे पोहोचायला वेळ लागला नाही. या आवाजाला जागा द्यायची नाही, असे सर्वानुमते ठरले होते.

"त्यांनी स्वतः खरं सांगितलं तर?" बहिणीने विचारले.

"सांगू देत. ऐकून घेते," बाई म्हणाल्या. त्याहून अधिक काही म्हणाल्या नाहीत.

काटेसाहेब हातात पंप घेऊन आत आले.

"अहो, तुम्हाला चोर समजतात."

"कोण?"

"सगळेच. समुद्रापासून डोंगरापर्यंत. एवढ्या लांबवर नाव काढलेलं आपल्या घराण्यात दुसरं कुणी नाही."

"मला? तीस वर्षं मी चोर पकडलेत!"

"म्हणून तर त्यांचे प्रश्न तुम्हाला तोंडपाठ आहेत." तिने फोन त्यांच्यापुढे सरकवला. "आता बसा. खोकायचं नाही. आपण कोण, काय करत होतो आणि तीनतीनदा फोन का केला, एवढंच सांगायचं."

"निरीक्षक आपली पद्धत बाहेर उघड करत नसतो."

"निरीक्षक निवृत्त झाला. नवरा अजून नोकरीत आहे. तुम्हीच ठरवा, ती तरी टिकवायची का."

ते खुर्चीवर बसले. पंप बराच वेळ त्यांच्या हातातच होता. मग त्यांनी किनाऱ्यावरच्या स्वयंपाक्याला फोन लावला आणि खाली मान घालून, एखादा आरोपी जबाब देतो तसा, सर्व वृत्तान्त सांगितला.

"म्हणजे कापडवाले तुम्हीच होय?" तिकडून ओरड आली. "अहो, मी बायकोला सगळ्या पडद्यांची मापं काढायला लावली! आता तिला काय सांगू? बरं, खोली कुठली देऊ, व्यापाऱ्याची की प्रोफेसरांची?"

किनाऱ्यावरचे दुसरे घर त्या स्वयंपाक्याच्या शब्दावर मिळाले. पायथ्याच्या मालकाने कुरकुर करून, सायकली स्वतःच्या खोलीत घेऊन झोपायच्या या अटीवर होकार दिला. काटेसाहेबांना ही अट मनापासून आवडली. खोऱ्यातही जमले. राहिल्या घाटमाथ्यावरच्या बाई.

त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "तुमच्या नियमात खेपा किती?"

"तीन."

"आणि तिन्हींत फरक पडला तर?"

आम्ही दोघे त्यांच्याकडे पाहत होतो. "तर दुकानदार अप्रामाणिक," ते अखेरीस म्हणाले.

"मग झालं. तुमच्या बायकोला खोली आहे, ती पहिल्याच खेपेला खरं बोलली. तुम्हाला नाही."

"अहो, आम्ही नवराबायको आहोत!"

"असाल. मी काही मोडायला सांगत नाही. एका रात्रीचा प्रश्न आहे."

फोन ठेवल्यावर त्यांनी कपाळ पुसले. "बाई फार कडक आहे," ते म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून परक्याविषयी आदराचा सूर मी प्रथमच ऐकला. तो फार टिकला नाही. "पण मलाच का वगळलं? तुला एकटीलाच का ठेवून घेते? यात काहीतरी आहे."

"यात तुम्ही आहात," बहीण म्हणाली. "मी राहणार."

माथ्यावर दुसरे घर नव्हते. एकाच दिवसात घाट चढून पलीकडे उतरण्यास डॉक्टरांची मनाई होती. तेव्हा एक तर बेत मोडायचा, नाहीतर जे घर एकाही परीक्षेत उत्तीर्ण झालेले नाही त्या घरात पत्नीला एकटे सोडून स्वतः पायथ्याशी परतायचे, एवढेच दोन मार्ग होते. त्या आठवड्यात ते नकाशाभोवती येरझारा घालत. एकदा तर त्यांनी फोन उचलला, नवा आवाज काढण्यासाठी घसा साफ केला, खोकला आला, आणि त्यांनी मुकाट्याने फोन खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बहिणीच्या सायकलचे ब्रेक पुन्हा घट्ट केले. त्यावरून आम्ही समजलो की ते निघणार.

पुढील वृत्तान्त बहिणीच्या तोंडचा आहे. किनाऱ्यावरचे दोन दिवस वारा पाठीला होता. स्वयंपाक्याने जेवायला वाढले तेव्हा काटेसाहेबांनी आधी त्याला पहिला घास घ्यायला लावला. तो हसला आणि दोन घास खाऊन दाखवले. दाराच्या कड्या त्यांनी हलवून पाहिल्या. मैलाच्या दगडांवर त्यांची नजर होतीच. घाट त्यांनी पहाटे सुरू केला आणि अवघड वळणांवर दोघे पायी चालले. बहिणीने प्रत्येक वळणावर मागे पाहण्याचा मोह आवरला. तिला ते माथ्यावरच पाहायचे होते.

माथ्यावर पोहोचून तिने सायकल दगडाला टेकवली आणि वळली. समुद्र होता. कथलाच्या पत्र्यासारखी एक बारीक पट्टी, आणि तिच्याअलीकडे त्यांचा सगळा रस्ता. तो तिने बोटाने हवेत किनाऱ्यापर्यंत गिरवला. काटेसाहेबही समुद्राकडे पाहत होते, पण मधून मधून रस्त्यापलीकडच्या त्या घराकडेही.

घराच्या दारात बाई उभ्या होत्या. ठेंगण्या, बाह्या वर दुमडलेल्या, हात पिठाने माखलेले.

"कापडवाला, प्रोफेसर, सायकलवाला... आणि तुम्ही चौथे का?" त्यांनी काटेसाहेबांना विचारले.

"हो," ते म्हणाले. खोकले नाहीत.

"पायरीवर बसा. पाणी आणते."

खोली पाहण्याची त्यांची विनंती नाकारली गेली. पाणी पिऊन ते उठले, आणि निघताना पत्नीच्या जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "खिडकी लावून घे. चहा दिला तर आधी तिला पिऊ दे. आणि काही वावगं वाटलं तर..."

"तर काय करू? घाटावरून उडी मारू? अहो, उतारावर ब्रेक सांभाळा. तुम्हाला काही झालं तर मी कुणाकुणाला कळवू, चौघं आहात तुम्ही."

ते उतरणीला लागले. वळणावळणावर ते थांबत आणि वर पाहत, हे बाईंनी खिडकीतून बहिणीला दाखवले. दिवेलागणीला घरातला फोन वाजला. बाईंनी उचलला, ऐकला, आणि रिसीव्हर तिच्याकडे दिला. "तुमचाच आहे. या वेळी आधी नाव सांगितलं."

"दाराला आतून कडी आहे ना?" काटेसाहेबांनी विचारले.

"दोन आहेत. जेवा आणि झोपा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पोळ्या लाटत असताना खिडकीबाहेर पाहून म्हणाल्या, "आले हो तुमचे चौघे." शेवटच्या वळणावर काटेसाहेब सायकल ढकलत येत होते. एवढा घाट दुसऱ्यांदा चढण्याचे त्यांचे वय नव्हते. न्याहारीलाही ते थांबले नव्हते. दाराशी आल्यावर त्यांना धाप लागली होती. त्यांनी पत्नीला नखशिखान्त पाहिले, जसे आलेला माल उतरवून घेताना पाहतात.

"ठीक?"

"ठीक. झोप लागली. गुडघाही दुखला नाही."

ते पायरीवर बसले. बाईंनी आत या म्हटले नाही, पण चहा आणि गरम पोळी पायरीवर आणून दिली. काटेसाहेबांनी ती कोणाला चाखायला न लावता खाल्ली. खाऊन झाल्यावर ते म्हणाले, "पुढच्या वर्षी मी पहिली खेप खऱ्या नावाने करीन. चालेल?"

"करा," बाई म्हणाल्या. "बघू."

मग दोघे पलीकडे उतरले. खोऱ्यातला मुक्काम निर्विघ्न पार पडला, एवढेच त्याविषयी सांगण्यासारखे आहे.

नंतर काय ठरले आणि काय राहिले ते नोंदून हे टिपण संपवतो. बहिणीची शस्त्रक्रिया झाली. चालणे सुधारले, घाट मात्र बंद झाला. तिची सायकल मुलीकडे गेली. काटेसाहेबांनी स्वतःची ठेवली, परंतु एकट्याने माथ्यावर जाण्यास ते तयार नव्हते. एकटा गेलो तर बाईंना पुन्हा शंका येईल, असे त्यांचे म्हणणे होते. दर वर्षी मोसमाच्या आरंभी ते घाटमाथ्यावर एकदा फोन करीत, प्रथम आपले नाव सांगत, आणि यंदाही येणे जमत नाही असे कळवत. बाई "बरं" म्हणत. बाकी जगाविषयीचा त्यांचा संशय शेवटपर्यंत तसाच राहिला. रुग्णालयातही त्यांनी तीन परिचारिकांना एकाच गोळीचे नाव विचारले होते.

ते गेल्याचे बहिणीने बाईंना फोनवर कळवले. बाई म्हणाल्या की काटेसाहेबांना एक रात्र खोली द्यायची होती, दोन वर्षांपूर्वीच ठरवले होते, पण विचारल्याशिवाय सांगणे आपल्या स्वभावात नव्हते. ते देणे आता फिटण्यासारखे नाही. येत्या मोसमात बहीण बसने घाटमाथ्यावर जाणार आहे, सोबत मी. खोलीसाठी तिने एकच फोन केला.